नेताजींच्या अस्थींची चाचणी करा, पण ती नीट करा: भारत सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री आणि मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

टोकियोच्या सुगिनामी भागात रेंकोजी नावाचे छोटे बौद्ध मंदिर आहे. १८ सप्टेंबर १९४५ पासून तिथे एका पेटीत जळलेली हाडे जपून ठेवली आहेत. ती नेताजी सुभाषचंद्र बोस यांची आहेत, असे मंदिर मानते. १९५७ साली पंडित नेहरू तिथे गेले, १९५८ साली राजेंद्रप्रसाद, १९६९ साली इंदिरा गांधी आणि २००१ साली अटलबिहारी वाजपेयी. त्या पेटीच्या देखभालीचा खर्च आपल्या सरकारने वर्षानुवर्षे दिला. त्याच सरकारने नेमलेल्या न्या. मुखर्जी आयोगाने २००५ मध्ये सांगितले की नेताजी ऑगस्ट १९४५ मध्ये ताइपेइला झाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या विमान अपघातात गेले नाहीत आणि ही हाडेही त्यांची नाहीत. मे २००६ मध्ये अहवाल संसदेत आला, तेव्हा सरकारने तो फेटाळला. पुढे २०१७ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला गृह मंत्रालयाने उत्तर दिले की नेताजींचे निधन १८ ऑगस्ट १९४५ रोजीच झाले.

म्हणजे सरकारचे मत ठरलेले आहे, आयोगाचे मत त्याच्या विरुद्ध आहे, आणि ज्या हाडांवरून हा वाद सुटू शकतो ती अजून कोणत्याही प्रयोगशाळेत गेलेली नाहीत. आमची मागणी एवढीच आहे की चौथा आयोग नेमू नका, या हाडांची चाचणी करा. मात्र ती घाईत आणि चुकीच्या पद्धतीने केली, तर आजच्यापेक्षा मोठा गोंधळ कायमचा होऊन बसेल. म्हणून ती कशी करावी आणि कुठे फसते, हे या पत्रात तपशिलाने लिहीत आहोत.

कागदपत्रांतून आता नवे काही निघेल, अशी आशा आम्हाला वाटत नाही. १७ ऑगस्टला सायगावहून निघालेले जपानी बॉम्बफेकी विमान रात्री तूरानला, म्हणजे व्हिएतनाममधल्या आजच्या दा नांगला थांबले, १८ तारखेला दुपारी ताइहोकूला, म्हणजे आजच्या ताइपेइला उतरले आणि पुन्हा उडताच कोसळले. विमानातले जपानी जनरल शिदेई जागीच गेले, पेट्रोलने भिजलेले नेताजी भाजले आणि त्याच रात्री लष्करी रुग्णालयात त्यांचा प्राण गेला. सोबतचे कर्नल हबीबुर रहमान आणि उपचार करणारे डॉ. योशिमी यांनी हेच सांगितले. १९५६ च्या शाहनवाज समितीतील दोघांनी ते मान्य केले, तिसरे सदस्य, म्हणजे नेताजींचे थोरले बंधू सुरेशचंद्र, यांनी नाकारले. १९७४ मध्ये खोसला आयोगाने पुन्हा मान्य केले.

मुखर्जी आयोगाचे दोन मुद्दे मात्र वजनदार होते. तैवान सरकारने कळवले की त्या काळात तिथे असा अपघात झाल्याची नोंद नाही. आणि दहनाच्या नोंदीत नेताजींचे नाव नव्हते, इचिरो ओकुरा या जपानी सैनिकाचे होते. मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे. आयोगाने निष्कर्ष काढला की रेंकोजीतली रक्षा या ओकुराची आहे. पण हेच दोन कागद उलटही वाचता येतात. २५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत ते बेट जपानी अंमलाखाली होते. शरणागतीच्या दिवसांत जपानी लष्कराने स्वतःचे दफ्तर ढिगाने जाळले. चिनी सत्तेच्या हाती आलेल्या कचेरीत लष्करी विमानाची नोंद नसणे, यात नवल काहीच नाही. आणि शत्रूला हवा असलेला नेता गुपचूप दहन करायचा असेल, तर परक्या नावाने परवाना काढणे हीच सर्वांत सोपी वाट. एक बाजू म्हणते ओकुराचे नाव हा बनाव होता, दुसरी म्हणते ते देह त्याचाच असल्याचा पुरावा आहे. २०१५ मध्ये पश्चिम बंगालने ६४ फायली खुल्या केल्या, २३ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने १०० केल्या. तरी हा पेच जिथे होता तिथेच आहे. ओकुरा की बोस, हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार उरला आहे आणि तो त्या पेटीत आहे.

आता मुख्य अडचण. जळालेल्या हाडातून डीएनए मिळतो का? याचे उत्तर हाडाच्या रंगात असते. कमी भाजलेले हाड पिवळट-तपकिरी राहते, त्याहून अधिक तापले की कोळशासारखे काळे होते, मग राखाडी, आणि ७००-८०० अंशांच्या पुढे खडूसारखे पांढरे. पांढऱ्या हाडात डीएनए जवळजवळ उरत नाही. काळ्यात क्वचित, तपकिरी भागात बऱ्यापैकी. पण चितेत किंवा भट्टीत सगळा देह एकसारखा तापत नाही. सांध्यांची टोके, मांसाने झाकलेला भाग, जबड्याच्या खोबणीतली दातांची मुळे आणि कानामागच्या हाडाचा आतला, दगडासारखा घट्ट भाग, ही ठिकाणे आगीत सर्वांत जास्त टिकतात. दाताचे वरचे चकाकते आवरण उष्णतेने तडकून उडते, पण मूळ राहते. रशियाच्या अखेरच्या झारच्या दोन मुलांची हाडे २००७ मध्ये सापडली, तेव्हा ते जळलेले, फुटलेले थोडेसे तुकडे होते. तरी त्यांतून वंशाची ओळख पटली. तेव्हा ‘जळले म्हणजे संपले’ हे खरे नाही, आणि ‘चाचणी केली की उत्तर मिळणारच’ हेही नाही.

इथे दहनाची जपानी रीत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात, त्या थोड्या असतात आणि नदीत जातात. जपानमध्ये नातलग चॉपस्टिकने हाडे उचलून कलशात ठेवतात आणि कलश जपतात. रूढ क्रम पायांकडून डोक्याकडे असतो, म्हणजे माणूस कलशातही उभाच राहतो, आणि गळ्याजवळचा एक मणका मानाने सर्वांत वर ठेवला जातो. ताइहोकूच्या एका जपानी अधिकाऱ्याने मात्र साक्षीत वेगळे सांगितले होते: आधी गळ्याचे हाड, मग शरीराच्या प्रत्येक भागातले एकेक हाड पेटीत ठेवले. हा फरक किरकोळ नाही. त्याचे खरे असेल तर पेटीत पूर्ण सांगाडा नसून निवडक तुकडे असतील, वजन पूर्ण दहनाच्या मानाने बरेच कमी भरेल आणि गळ्याचा मणका तळाशी सापडेल. पेटी थरांनी उघडली तर त्या साक्षीचीच परीक्षा होईल, तीही एक मिलिग्रॅम हाड न कुटता. एकदा का कुणी पेटी कागदावर ओतली, की हा पुरावा गेला.

म्हणून पहिले काम प्रयोगशाळेचे नाहीच. पेटी मंदिरातच ठेवून, बंद स्थितीत तिचे सीटी स्कॅन व्हावे. त्यानंतर मुख्य पुजारी, दूतावासाचा प्रतिनिधी, कुटुंबाचा प्रतिनिधी आणि दोन देशांचे अस्थितज्ज्ञ यांच्यासमोर ती थरांनी उघडावी. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, फोटो, वजन, रंग. कोणता भाग दोनदा आला आहे का, हे पाहावे. कारण दोन डाव्या घोट्यांची हाडे निघाली तर पेटीत दोन माणसे आहेत, एवढे साधे गणित आहे. दातांत भरलेला धातू दिसला तर त्याची वेगळी नोंद. हाडे धुऊ नयेत, चिकटवू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. टोकियोचा उन्हाळा दमट असतो. ओलावा हाडातल्या उरल्यासुरल्या डीएनएचे तुकडे करत राहतो. कागदी पाकीट, ओलावा शोषणारी सिलिका जेल आणि थंड कोरडी जागा पुरे.

नमुने किती? आमच्या मते डीएनएसाठी चारपेक्षा जास्त तुकडे घेऊ नयेत, आणि प्रत्येकातून ५० ते १०० मिलिग्रॅम भुकटी. गव्हाचा एक दाणा साधारण ४०-५० मिलिग्रॅम भरतो. म्हणजे एका तुकड्यातून एक-दोन दाण्यांएवढे हाड. उरलेली भुकटी, अगदी चिमूटभरसुद्धा, सन्मानाने पेटीत परत जावी. मंदिराला हे आधी लेखी सांगितले पाहिजे. ‘चाचणी’ म्हटले की सगळी रक्षा नळीत जाईल अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे.

यानंतर जी चूक होण्याची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती आहे, ती नातलगांच्या नमुन्यांची. नेताजींच्या कन्या डॉ. अनिता बोस फाफ यांनी चाचणीची मागणी वारंवार केली आहे आणि त्या स्वतःचा नमुना देतील, तो देणे योग्यच आहे. पण न्यायवैद्यक प्रयोगशाळा जुन्या हाडांवर बहुतेक वेळा मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, डीएनए तपासतात, कारण तो पेशीत शेकडो प्रतींत असतो आणि जास्त टिकतो. तो आईकडून येतो. अनिताजींचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए त्यांच्या आई एमिली शेंकल यांचा आहे, नेताजींचा नाही. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तर स्त्रीकडे नसतेच. म्हणजे या दोन नेहमीच्या चाचण्यांत त्यांचा नमुना जुळणारच नाही. हाडे खरोखर नेताजींची असली तरीही. उद्या एखाद्या वृत्तवाहिनीवर ‘मुलीशी डीएनए जुळला नाही’ अशी ओळ झळकली, तर ती पुसायला आणखी पन्नास वर्षे लागतील.

कोणाचा नमुना कशासाठी, हे म्हणून आधीच ठरवा. मायटोकॉन्ड्रियासाठी नेताजींच्या बहिणींची मुले किंवा त्या बहिणींच्या लेकींची मुले हवीत, कारण नेताजींच्या आई प्रभावतीदेवींचा वारसा त्या रेषेतून उतरतो. वाय गुणसूत्रासाठी भावांचे मुलगे, नातू. जानकीनाथ आणि प्रभावतीदेवींना चौदा अपत्ये होती, त्यामुळे माणसे मिळणे अवघड नाही. दोन्ही बाबतींत किमान दोन वेगवेगळ्या शाखांतून नमुने घ्या, म्हणजे एका शाखेतली एखादी अज्ञात दत्तकविधीची गोष्टही निकाल फिरवू शकणार नाही. अनिताजींचा नमुना उरलेल्या २२ गुणसूत्र-जोड्यांसाठी वापरा. तिथे बाप-लेकीत निम्मा वारसा सामाईक असतो, आणि तिथे जुळले तर त्यापेक्षा भक्कम पुरावा नाही.

पद्धतीचेही तसेच. गुन्ह्यांच्या तपासात वापरला जाणारा नेहमीचा चाचणी-संच साधारण १०० ते ४०० अक्षरांचे (डीएनएच्या साखळीतल्या एकेका घटकाला अक्षर म्हणतात) डीएनए-तुकडे मागतो. जळलेल्या, ८० वर्षे जुन्या हाडात तुकडे अनेकदा ५०-६० अक्षरांचेच उरतात. तो संच लावला की ‘निकाल नाही’ असे उत्तर येते, आणि लोक त्याचा अर्थ ‘नेताजी नाहीत’ असा घेतात. इथे प्राचीन डीएनएच्या प्रयोगशाळांची पद्धत लागते: छोट्या तुकड्यांना पकडून, लाखो ठिकाणी तुलना करून नाते शोधणे. जुन्या डीएनएच्या टोकांना विशिष्ट झीज दिसते. ती नसेल तर मिळालेला डीएनए हाडाचा नाही, हाताळणाऱ्याचा आहे असे समजावे. १९४५ पासून ही पेटी किती हातांतून गेली असेल. म्हणून पुजारी, अधिकारी, तज्ज्ञ अशा हात लावलेल्या प्रत्येकाचा नमुना वगळणीसाठी घ्यावाच लागेल.

हे काम भारतात होऊ शकते का? होऊ शकते. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांतून निघालेल्या हाडांबद्दल असाच प्रश्न होता: ती १६२४ मध्ये शिराझला ठार झालेली जॉर्जियाची राणी केतेवान हिची आहेत का? हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यांतून मायटोकॉन्ड्रियल डीएनए काढला. त्याचा गट भारतात जवळजवळ न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा निघाला, आणि २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष जॉर्जियाला सुपूर्द केला. पंजाबातल्या अजनाळ्याच्या विहिरीतली हाडे १९४७ च्या दंगलीतली की १८५७ च्या सैनिकांची, हा वादही डीएनए आणि समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) जोडीने सुटला. ते सैनिक गंगेच्या खोऱ्यातले होते. दुर्दैवाने २०१४ मध्ये ती विहीर तज्ज्ञांविना उपसली गेली आणि हाडांची मोडतोड झाली. त्या विहिरीत घडले ते रेंकोजीच्या पेटीत घडू नये, म्हणून आम्ही थरांचा एवढा आग्रह धरत आहोत.

आणि अजनाळ्यावरून आमचा एक प्रस्ताव आहे, जो या प्रकरणात आजवर मांडलेला आम्ही पाहिला नाही. डीएनए मिळाला नाही तरी हाड अगदी मुके नसते. खाण्यापाण्यातून स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य हाडात बसते. त्याच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण त्या भागातल्या खडकांवर अवलंबून असते. ते आगीत बदलत नाही. उलट, पूर्ण पांढरे झालेले हाड बाहेरच्या प्रदूषणाला चांगले तोंड देते. म्हणजे डीएनएसाठी निरुपयोगी असलेला पांढरा तुकडाच इथे सर्वोत्तम. शिवाय कानामागच्या त्या घट्ट हाडाचा आतला भाग आयुष्याच्या पहिल्या दोनेक वर्षांत तयार होतो आणि नंतर बदलत नाही. तो भाग पेटीत असेल तर १८९७ नंतरची दोन-तीन वर्षे त्यात बंद आहेत. नेताजींची ती वर्षे कटकला गेली. महानदी फार जुन्या खडकांवरून वाहत येते, तर जपानचा मोठा भाग तरुण ज्वालामुखी खडकांचा. त्यामुळे जपानमध्ये वाढलेल्या सैनिकाचे आणि कटकच्या बाळाचे प्रमाण वेगळे निघण्याची चांगली शक्यता आहे. मर्यादाही सांगतो: समुद्राचे मीठ आणि मासे हे प्रमाण मधल्या आकड्याकडे ओढतात आणि कटक समुद्रापासून फार दूर नाही. म्हणून आधी कटकच्या जुन्या विहिरींचे पाणी, झाडे, गोगलगायींचे शंख तपासून स्थानिक आकडा पक्का करावा लागेल. हे काम मंदिराच्या परवानगीची वाट न पाहता उद्याही सुरू करता येते.

निकालाचा अर्थ आधी जाहीर करा, ही आमची दुसरी महत्त्वाची विनंती. दोन स्वतंत्र प्रयोगशाळा, एक भारतातली आणि एक तिसऱ्या देशातली, एकमेकींचे आकडे न पाहता काम करतील, आणि पेटी उघडण्यापूर्वी सरकार लेखी सांगेल की कोणत्या उत्तराचा काय अर्थ घेतला जाईल. नाते जुळले, तर नेताजी सप्टेंबर १९४५ पूर्वी गेले होते हे सिद्ध होईल. अपघात कसा घडला, हा भाग मात्र साक्षींवरच राहील. डीएनए मिळाला आणि तो जपानी पुरुषाचा निघाला, तर रक्षेबद्दल मुखर्जी आयोग बरोबर ठरेल. पण त्यावरून नेताजी पुढे जगले, रशियात गेले किंवा साधू झाले, असे सिद्ध होत नाही. चुकीच्या माणसाची रक्षा दिली जाणे आणि माणूस जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहीच मिळाले नाही, तर त्याचा अर्थ काहीच मिळाले नाही, एवढाच.

हे सांगण्याचे कारण फैजाबाद. १९८५ मध्ये तिथे वारलेल्या गुमनामी बाबा हेच नेताजी होते, अशी लाखो लोकांच्या मनात आजही श्रद्धा आहे. त्यांच्या सामानातल्या दातांची चाचणी कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने केली, बोस कुटुंबाशी जुळणी झाली नाही. हस्ताक्षरावर तज्ज्ञांत मतभेद झाले. उत्तर प्रदेशच्या सहाय आयोगाने ते नेताजी नसल्याचे म्हटले. तरी शंका थांबली नाही, आणि तिला एक न्याय्य कारणही आहे: दात ज्याच्या सामानात सापडले त्याचेच होते का, हे दाखवणारी साखळी कच्ची होती आणि चाचणीचा मूळ आलेख लोकांपुढे आला नाही. रेंकोजीच्या चाचणीत प्रत्येक मूळ आलेख, प्रत्येक फसलेला प्रयत्नसुद्धा, निकालाच्या दिवशीच प्रसिद्ध व्हावा. जे लोक विरुद्ध मत बाळगतात त्यांचा एक तज्ज्ञ पेटी उघडताना समोर असावा. शंका घेणाऱ्यांना बाहेर ठेवून त्यांचे समाधान कधी झालेले नाही.

राहता राहिला मंदिराच्या संमतीचा प्रश्न. मुखर्जी आयोगाने लिहिले की मंदिराच्या अनुत्सुकतेमुळे चाचणी होऊ शकली नाही. पण २००५ मध्ये मुख्य पुजाऱ्यांनी आपल्या राजदूतांना लिहिलेल्या जपानी पत्राचा अलीकडे नव्याने अनुवाद झाला. त्यानुसार त्यांनी चाचणीला सहकार्य देऊ केले होते. तो मजकूर आधीच्या इंग्रजी अनुवादात नव्हता. परराष्ट्र मंत्रालयाने मूळ पत्र आणि अधिकृत, प्रमाणित अनुवाद एकत्र प्रसिद्ध करावा. एका परिच्छेदामुळे वीस वर्षे गेली असतील, तर देशाला ते कळले पाहिजे.

या सगळ्यात एक गोष्ट थांबू शकत नाही. अनिताजींचा जन्म २९ नोव्हेंबर १९४२ चा आहे. नेताजींच्या भाच्या-पुतण्यांच्या पिढीतले थोडेच उरले आहेत. मंदिराशी बोलणी, करार, प्रयोगशाळांची निवड यांत दोन-तीन वर्षे सहज जातील. नातलगांचे नमुने मात्र याच महिन्यात घेता येतात. गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा आणि थोडे रक्त पुरते. व्हिएन्ना, म्युनिक, टोकियो आणि कोलकाता इथल्या आपल्या कचेऱ्यांनी प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, प्रत्येक नमुना दोन भागांत विभागून दोन ठिकाणी, मोहोर लावून, उणे ८० अंशांवर ठेवावा, आणि त्याची पावती त्या त्या नातलगाच्या हाती द्यावी.

आपले,
अस्थिशास्त्र, जनुकशास्त्र आणि न्यायवैद्यक या विषयांत काम करणारे काही नागरिक